उभी राहिली की बंद पडते: जुन्या पेट्रोल गाडीचं आयडलचं दुखणं घरच्या घरी कसं शोधायचं

गाडी पळताना काही तक्रार नाही. पिकअप ठीक, आवाज ठीक. पण सिग्नलला थांबून गियर न्यूट्रलला आणला की आरपीएमचा काटा हळूच घसरतो, गाडी एकदा अंग झटकते आणि गप्प. मागे हॉर्न सुरू. पुन्हा सेल्फ मारावा, तर पहिल्या झटक्यात चालू, जणू काही घडलंच नाही.

माझ्या जुन्या गाडीने मला हे सात महिने करून दाखवलं. तेवढ्यात मी प्लग बदलले, हवेचा आणि पेट्रोलचा फिल्टर बदलला, आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो) वाढवून घेतलं, शेवटी पेट्रोल पंपसुद्धा बदलला. गॅरेजमध्ये नेली की तासभर मुकाट चालायची. मेकॅनिक बॉनेटपाशी उभा राहून रेस द्यायचा, सोडायचा आणि म्हणायचा, "काही नाही हो, ठीक आहे गाडी." दोष नेमका कुठे होता ते पुढे चौथ्या पायरीत येईल. तो सापडला मात्र वहीमुळे. गाडी कधी बंद पडते ते मी आठवडाभर लिहून काढलं आणि मग पाना एकदाच हातात घ्यावा लागला.

हे सगळं पेट्रोल गाड्यांसाठी आहे, कार्बोरेटरच्या आणि सुरुवातीच्या इंजेक्शनच्या. डिझेलचं गणित निराळं, ते इथे नाही.

आयडललाच का बंद पडते

गाडी पळत असते तेव्हा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार, उघडा असतो आणि चाकांचा, फ्लायव्हीलचा जोरही इंजिनाला ओढत असतो. एखादं फायरिंग चुकलं तरी खपून जातं. पाय उचलला की थ्रॉटलची चकती जवळजवळ पूर्ण मिटते. आता इंजिनाला हवा मिळते ती स्वतःचं घर्षण आणि अल्टरनेटर वगैरेंचा भार कसाबसा भागेल एवढीच. बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्या गरम झाल्यावर ७०० ते ९०० आरपीएमला आयडल धरतात. त्याखाली फारशी शिल्लक नसते. व्हॅक्यूमच्या नळीला पडलेली बारीक चीर हायवेला कळतही नाही. आयडलला मात्र तेवढ्याशा चिरेतून शिरणारी हवा मिश्रणाचा तोल घालवते.

म्हणून "पळताना ठीक, उभी राहिली की बंद" हे लक्षण बरंच काही सांगून जातं. पेट्रोल पंप अगदी कमजोर असेल तर गाडी चढावर आणि जोरात पळवतानाच आधी रडेल, कारण तिथे पेट्रोल जास्त लागतं. हे एवढं जरी मला आधी सुचलं असतं तरी तो पंप वाचला असता.

काय काय जवळ हवं

– गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. नसेल तर बॉनेटच्या आतला स्टिकर बघा. आयडलचे आरपीएम, टायमिंग, कधी कधी व्हॅक्यूमच्या नळ्यांचा नकाशाही त्यावर छापलेला असतो.
– आधीच्या कामांची बिलं. दुखणं सुरू होण्याच्या थोडं आधी काय काम झालं होतं, ते त्यात सापडतं.
– वही आणि पेन.
– मल्टिमीटर, आणि जमलं तर व्हॅक्यूम गेज. जुन्या इंजिनासाठी याच्याइतकं बोलकं साधन नाही.
– प्लग पाना, फीलर गेज, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टॉर्च.
– थ्रॉटल बॉडी किंवा कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे.
– गाडीला ओबीडी-२ सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचायची जागा) असेल तर साधा कोड स्कॅनर.
– हाताशी आग विझवायचं नळकांडं. पेट्रोलशी खेळ आहे.

गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद शेडमध्ये आयडलवर गाडी चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, गियर न्यूट्रलला, चाकांना अडसर लावा. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी पट्ट्यापासून लांब. रेडिएटरचा विजेवरचा पंखा इग्निशन बंद असतानाही काही गाड्यांत अचानक फिरू लागतो, हे विसरून बोटं गमावू नका.

१. आधी वही, मग पाना

निदान आठवडाभर, प्रत्येक वेळी गाडी बंद पडली की एवढं लिहा: इंजिन थंड होतं की गरम? सुरू केल्यावर किती मिनिटांनी? पाय कशावर होता? एसी, हेडलाइट, पंखा चालू होता? स्टिअरिंग वळवत होतात? नुकतंच पेट्रोल भरलं होतं? हवा दमट होती? लगेच सुरू झाली की थांबावं लागलं? आणि हो, बंद न पडता थांबली ते प्रसंगही लिहा. ते कुणीच लिहीत नाही आणि खरा धागा बहुतेक वेळा त्यांतच असतो.

आठवड्याने वही वाचली की दिशा दिसू लागते.

फक्त थंड असताना बंद पडते: चोक, थंड इंजिनाला जादा हवा देणारी यंत्रणा किंवा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर.

फक्त चांगली तापल्यावर: इग्निशन कॉइल, क्रँक सेन्सर (इंजिनाचा दांडा फिरतोय हे कॉम्प्युटरला सांगणारा), कार्बोरेटरच्या गाडीत उष्णतेने उकळणारं पेट्रोल.

एसी लावला किंवा स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं की: भार आला की आयडल वर उचलणारी यंत्रणा कामाला येत नाही.

टाकी भरून निघालात की पहिल्या दोन-चार मिनिटांत: टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असू शकतो.

पावसात, दमट सकाळी: एचटी वायर (प्लगला ठिणगीची वीज नेणाऱ्या जाड वायरी), डिस्ट्रिब्युटरची कॅप.

ऑटोमॅटिक गाडी फक्त वेगातून थांबताना बंद पडते, न्यूट्रलला टाकून थांबली तर नाही: टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच सुटत नसावा. क्लच न दाबता गाडी थांबवल्यासारखाच तो प्रकार. यात इंजिनाचा दोष नाही, उगाच इंजिन खोलून बसू नका.

माझ्या वहीत आठवड्यात अकरा नोंदी होत्या. अकराही वेळा गाडी सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये उभी होती. आणि न बंद पडलेल्या नोंदींमध्ये एक गंमत होती: घराखाली हँडब्रेक ओढून कुणाची तरी वाट बघत दहा-दहा मिनिटं गाडी चालू ठेवली होती, एकदाही बंद पडली नव्हती.

२. कशी बंद पडते ते ऐका

दोन प्रकार असतात. पहिला: दिवा विझवावा तशी एकदम बंद. न धडधड, न थरथर. हा बहुतेक वेळा विजेचा दोष असतो. इग्निशन स्विचचा ढिला कॉन्टॅक्ट, मेन रिले, कॉइल, क्रँक सेन्सर, बॅटरीची सैल पट्टी. आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवा. इंजिन अजून फिरतंय आणि काटा मात्र धाडकन शून्यावर पडला, तर इग्निशनचा सिग्नलच तुटला. नंतर सेल्फ मारताना काटा जरासुद्धा हलत नसेल तर क्रँक सेन्सरवरचा संशय आणखी पक्का. अर्थात काही गाड्यांत सेल्फच्या वेळी काटा एरवीही हलत नाही, तेव्हा गाडी ठीक असतानाचं वागणं आधी बघून ठेवा.

दुसरा: काटा घसरतो, गाडी हलते, सावरायचा प्रयत्न करते, पुन्हा घसरते आणि मग थांबते. हा हवा आणि पेट्रोलचा प्रांत. काटा खाली-वर झोके घेत राहिला तर गाडीचा कॉम्प्युटर आयडल धरायला धडपडतोय आणि त्याला न सांगता कुठून तरी हवा शिरतेय, असं धरून चाला.

३. काही न खोलता दहा मिनिटं

बॉनेट उघडा, इंजिन बंद. टॉर्च घ्या आणि रबराची प्रत्येक नळी दोन बोटांत वाकवून बघा. जुनं रबर वरून काळं कुळकुळीत दिसतं आणि वाकवलं की खालच्या बाजूला चिरा उघडतात. नळीच्या टोकापाशी, जिथे ती लोखंडी तोटीवर चढते, तिथे नीट बघा. तोटीवर काही नळी नसेल, नुसतं उघडं तोंड दिसत असेल, तर ती कुठून निसटली ते शोधा. दोष शोधण्याचं काम इथेच संपलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या जाड नळीच्या वळ्या ताणून बघा. इंजिन हलतं तशी ती हलते आणि वळीच्या खाचेत फाटते. बॅटरीच्या पट्ट्या हाताने फिरतात का? इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची वेणी गंजलीय का? कूलंट पुरेसं आहे ना? हा शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण काही गाड्यांत थंड इंजिनाचा आयडल व्हॉल्व्ह कूलंटच्या उष्णतेवर चालतो. पातळी खाली गेली की त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचत नाही आणि आयडल झोके खायला लागतं.

मग इंजिन चालू करून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. आयडलला साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. हेडलाइट लावल्यावर १२ च्या आसपास येऊन थांबत असतील तर आधी चार्जिंग बघा, बाकीचं नंतर.

४. चोरटी हवा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण जुन्या गाडीत रबर आणि गॅस्केट हेच आधी म्हातारे होतात.

आयडलला इंजिन हवेसाठी ओढ घेत असतं आणि थ्रॉटल मिटलेला असतो, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये चांगलाच व्हॅक्यूम तयार होतो. गेज मॅनिफोल्डच्या तोटीला लावा. निरोगी इंजिन समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. उंचावर राहत असाल तर दर हजार फुटांमागे सुमारे एक इंच वजा धरा. काटा स्थिर आहे पण बराच खाली: हवा कुठून तरी शिरतेय, किंवा इग्निशनचं टायमिंग मागे पडलंय. काटा ठरावीक लयीत एकेक टिचकी खाली मारतो: एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा एक सिलिंडर चुकतोय.

गेज नसेल तर कान आहेत. रबरी नळीचा हातभर तुकडा कानाला लावा आणि दुसरं टोक मॅनिफोल्डच्या कडेने, नळ्यांच्या जोडांवरून फिरवा. फुसफुस ऐकू आली की तिथेच थांबा.

मग नळ्या एकेक करून पकडीने दाबा, मध्ये जाड कापडाचा तुकडा ठेवून म्हणजे रबर कापणार नाही. एखादी दाबताच आयडल बदललं, गाडी सावरली, तर त्या नळीच्या पलीकडे जे काही आहे ते संशयित. ब्रेकवरच्या पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरची नळी, पर्ज व्हॉल्व्हची नळी, क्रँककेसची वाफ ओढणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हची नळी, या तीन आधी. पीसीव्ही व्हॉल्व्ह बाहेर काढून हलवला तर बहुतेक प्रकारांत आत खुळखुळ वाजली पाहिजे. वाजत नसेल तर तो चिकटलाय.

स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत सगळीकडे सांगतात: गॅस्केटवर क्लीनर मारा, आरपीएम बदलले की गळती सापडली. चालते, पण तो स्प्रे पेट घेतो. तापलेला एक्झॉस्ट आणि कुठूनतरी ठिणगी फेकणारी जुनी एचटी वायर शेजारी असेल तर काय होईल ते सांगायला नको. मी साबणाचं पाणी वापरतो. गळतीवर पाणी पडलं की क्षणभर ती बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. थोडं वेळखाऊ आहे, पण भुवया शाबूत राहतात.

एक फरक लक्षात ठेवा. येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर ज्या गाडीत असतो, तिथे मोजणीनंतर शिरलेली हवा कॉम्प्युटरला दिसत नाही. मिश्रण पातळ होतं आणि गाडी बंद पडते. कार्बोरेटरचंही तसंच. पण जिथे मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवतात, तिथे जादा हवेला पेट्रोलही जादा मिळतं, म्हणून गळती असूनही आयडल उलट चढलेलं दिसू शकतं.

आता माझ्या गाडीची गोष्ट. हँडब्रेकवर उभी असताना ठीक, सिग्नलला बंद. दोन्हींत फरक एकच होता: सिग्नलला माझा पाय ब्रेकवर असायचा. गॅरेजमध्ये मेकॅनिक बॉनेटपाशी उभा असायचा, ब्रेक दाबायला आत कुणीच नसायचं! घराखाली गाडी आयडलवर ठेवली, खिडकी बंद केली आणि पेडल दाबून धरलं. पायाशी, डॅशबोर्डच्या आतून, बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, काटा ८०० वरून ५०० वर आला आणि गाडी थरथरू लागली. पेडल सोडलं, आवाज बंद, काटा जागेवर. मग बूस्टरची नळी मॅनिफोल्डपाशी पकडीने दाबून ठेवली आणि मुलाला पेडल दाबायला सांगितलं. पेडल दगडासारखं कडक झालं, पण इंजिन ढिम्म हललं नाही.

कारण असं. बूस्टरमध्ये एक मोठा रबरी पडदा असतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन कप्पे. पाय सोडलेला असताना दोन्ही कप्प्यांत व्हॅक्यूम असतो, त्यामुळे पडदा फाटलेला असला तरी काही बिघडत नाही. पेडल दाबलं की मागच्या कप्प्यात बाहेरची हवा येते. पडदा धड असेल तर ती तिथेच थांबते आणि ब्रेकला जोर देते. फाटला असेल तर ती फाट्यातून पुढच्या कप्प्यात, तिथून सरळ इंजिनात. सात महिने मी इंजिन दुरुस्त करत होतो आणि बिघाड ब्रेकमध्ये होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तुमच्या बूस्टरची साधी परीक्षा: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. तसंच दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली बसलं पाहिजे. नाही बसलं, किंवा फुसफुस आली, तर गाडी रस्त्यावर काढू नका. इथे बंद पडण्यापेक्षा ब्रेकची काळजी मोठी.

५. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह

इंजेक्शनच्या गाडीत मिटलेल्या थ्रॉटलला वळसा घालून हवा नेणारी एक वेगळी वाट असते आणि तिच्यावर आयडल व्हॉल्व्ह पहारा देतो. इंजिनाच्या वाफेतलं तेल आणि काजळी मिळून तिथे डांबरासारखा थर बसतो. वाट अरुंद होते, व्हॉल्व्ह चिकटतो, आणि ॲक्सिलरेटर एकदम सोडला की काटा सावरायच्या आत खाली जातो.

जाड नळी काढा, थ्रॉटलची चकती उघडून तिच्या कडेवर आणि ती जिथे टेकते त्या कड्यावर बोट फिरवा. बोट काळं झालं तर साफसफाई करा. क्लीनर थेट आत मारण्यापेक्षा कापडावर मारून पुसा. आयडल व्हॉल्व्ह काढताना त्याचं गॅस्केट सांभाळा आणि त्याचा सुळका हाताने दाबू किंवा ओढू नका, आतले दाते जातात. केबलऐवजी मोटरने उघडणारा थ्रॉटल असेल तर त्याची चकतीही हाताने ढकलू नका.

सगळ्यात नेहमीची फसगत: साफ केल्यावर आयडल एकदम चढतं, नाहीतर आणखी बिघडतं. घाबरू नका. कॉम्प्युटरने घाणेरड्या थ्रॉटलशी जुळवून घेतलेलं असतं, त्याला नव्याने शिकावं लागतं. प्रत्येक गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते. बॅटरी काढून लावल्यावरही असंच होतं.

आणि थ्रॉटलवर छोटा स्टॉप स्क्रू दिसेल, बहुतेक वेळा रंगाचा ठिपका लावलेला. तो फिरवून आयडल वाढवू नका. तो कारखान्यात लावलेला असतो. इंजेक्शनच्या गाडीत तो फिरवला की आधीच्या दोषावर स्वतःचा एक चढतो. माझ्या गाडीचं आयडल असंच "वाढवून" दिलं होतं. ते पूर्ववत करायला वेगळा अर्धा दिवस गेला.

६. कार्बोरेटर असेल तर

लक्षण अगदी ओळखीचं असतं: पाय जरा ॲक्सिलरेटरवर ठेवला तर गाडी चालते, उचलला की बंद. आयडलचा पेट्रोलचा मार्ग वेगळा असतो, बारीक भोकाच्या स्लो जेटमधून. टाकीच्या तळाचा एखादा कणसुद्धा ते भोक बुजवायला पुरतो.

स्लो जेट काढून उजेडाकडे धरा, भोकातून प्रकाश दिसला पाहिजे. दाबाच्या हवेने, क्लीनरने साफ करा. तारेने टोकरू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट फुकट. काही कार्बोरेटरना आयडलवर पेट्रोल बंद-चालू करणारा विजेचा कट-ऑफ व्हॉल्व्ह असतो. इग्निशन ऑन करून त्याची वायर काढून पुन्हा टेकवा, "टिक" असा आवाज यायला हवा. नाही आला तर आधी वायरीत १२ व्होल्ट येतात का बघा, मगच व्हॉल्व्हला दोष द्या.

मिक्स्चर स्क्रूला हात लावण्याआधी तो हलकेच आत, टेकेपर्यंत फिरवा आणि किती आटे लागले ते वहीत लिहा. घट्ट आवळू नका, टोक चेपतं. मग तेवढेच आटे परत बाहेर. आता गरम इंजिन आयडलवर ठेवून स्क्रू हळूहळू आत फिरवा. इंजिन अडखळू लागलं तर मार्ग मोकळा आहे. स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिनाला काही फरकच पडला नाही, तर आयडलचा मार्ग तुंबलाय किंवा पेट्रोल भलतीकडून येतंय.

उन्हात गाडी पळवून दहा मिनिटं बंद ठेवली आणि मग सुरू केल्यावर आयडलला गुदमरतेय? तापलेल्या इंजिनावर बसलेल्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून सांडलेलं असतं. उष्णता अडवणारी जाड गॅस्केट, पत्रा जागेवर आहे का बघा. मागच्या कामात कुणीतरी "जास्तीचा भाग" म्हणून काढून टाकलेला असतो.

७. ठिणगी

सगळे प्लग काढा आणि कोणता कुठल्या सिलिंडरचा हे ओळीने मांडून ठेवा. फिका तपकिरी रंग: ठीक. कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त. ओलं, तेलकट काळं: तेल आत येतंय. पांढराफट्ट: मिश्रण पातळ. चारांतला एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता, चारही सारखेच दिसले तर सगळ्यांना सामाईक असलेल्या कशात तरी. गॅप फीलर गेजने मोजा, बहुतेक ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण आकडा मॅन्युअलचाच घ्या. जुन्या कॉन्टॅक्ट पॉइंटच्या गाड्यांत पॉइंटचा गॅप सुमारे ०.४ मिलिमीटर असतो, पॉइंट झिजले की टायमिंगही सरकतं.

रात्री, दिवे बंद करून, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि एचटी वायरींकडे बघत राहा. एखाद्या वायरीवरून निळसर रेघ सरपटत बॉडीकडे उडताना दिसली तर आणखी काही शोधायची गरज नाही. हे बघायला मला अजूनही मजा येते. हात मात्र खिशात: चालू इंजिनाची एचटी वायर हाताने उपटून बघण्याची जुनी सवय सोडा, हजारो व्होल्ट असतात. कोणता सिलिंडर काम करत नाही ते बघायचं तर इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचा कनेक्टर एकेक काढा. ज्याचा काढल्यावर आयडल बदलत नाही, तो सिलिंडर मुळातच झोपलेला.

८. पेट्रोल

इथे थोडक्यात. इंजेक्शनच्या बहुतेक जुन्या गाड्यांत दाब २.५ ते ३.५ बार असतो, एकाच इंजेक्टरच्या प्रणालीत तो याहून बराच कमी. प्रेशर रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून आत बघा. नळीत पेट्रोल ओलं लागलं तर आतला पडदा फाटलाय आणि आयडलला इंजिन पेट्रोलने बुडतंय. पेट्रोलचा कुठलाही जोड खोलण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर फवारा तोंडावर येतो. आणि गाडी कित्येक महिने उभी होती? मग टाकीतलं पेट्रोल शिळं असेल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणीही शोषतं.

९. सेन्सर आणि कोड

अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात २००१ पासून विकल्या गेलेल्या पेट्रोल गाड्यांत ओबीडी-२ असतं. त्याआधीच्या इंजेक्शनच्या गाड्याही दिवा लुकलुकवून कोड सांगतात, कशा ते मॅन्युअलमध्ये. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०५०५ म्हणजे आयडलच्या नियंत्रणात गडबड, पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. पण पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलायला धावू नका. तो फक्त निरोप्या आहे. निरोप हवेच्या गळतीचाही असू शकतो.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा) दिसत असेल तर तो खजिनाच. शून्याच्या आजूबाजूला पाचेक टक्के चालतं. आयडलला ट्रिम अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला पुन्हा शून्याजवळ, म्हणजे हवेची गळती, चौथ्या पायरीवर परत जा. उलट, आयडलला ठीक आणि जोर दिला की चढतं, तर पेट्रोल कमी पडतंय.

तापमानाचा सेन्सर मल्टिमीटरने तपासता येतो. बहुतेकांचा रेझिस्टन्स २० अंशांना २ ते ३ किलोओहम असतो आणि इंजिन तापलं की काही शे ओहमवर येतो. तो घसरत नसेल तर कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, आणि तो पेट्रोल ओतत राहतो. एअरफ्लो सेन्सरची तार साफ करायला त्याच्यासाठीचाच क्लीनर वापरा, बोट किंवा कापूस लावू नका.

१०. अजूनही सापडलं नाही?

ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) असेल तर तो काजळीने उघडा अडकतो आणि आयडलला जळका धूर पुन्हा आत येऊन आग विझवतो. काढून साफ करा, नीट मिटतोय का बघा.

टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप फार घट्ट झाला असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मजा अशी की असं इंजिन आवाज कमी करतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. शेवटी कॉम्प्रेशन. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांजवळ हवेत, दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इथून पुढे घरचं काम नाही.

गॅरेजमध्ये नेताना

"आयडलला बंद पडते" एवढंच सांगितलंत तर तुमच्या गाडीचंही माझ्यासारखंच होईल. वही दाखवा. "इंजिन गरम, ब्रेक दाबलेला, एसी बंद, काटा हळूहळू घसरतो, बूस्टरची नळी दाबली की थांबतं" असं सांगा. शक्य तर ज्या परिस्थितीत बंद पडते तीच त्यांच्यासमोर उभी करा, स्वतः गाडीत बसून. एका वेळी एकच भाग बदलायला सांगा, काढलेला जुना भाग परत मागा आणि कोणती तारीख, किती किलोमीटर, ते त्याच वहीत टाका.

काम झाल्यावर गाडी घ्यायला जाल तेव्हा आधी पूर्ण तापू द्या, रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत. मग एसी लावा, हेडलाइट लावा, स्टिअरिंग टोकापर्यंत वळवा, ब्रेक दाबून धरा आणि पाच मिनिटं काट्याकडे बघत बसा.